शेवटचं रीळ आणि पेडगावची गाडी

हल्ली मी रोज दुपारी जेवण झालं की एक सिनेमा पाहतो. नवा असो, जुना असो, भाषा कळो न कळो. परभणीच्या एका थेटरात आयुष्यभर ऑपरेटर म्हणून मशीन चालवलेल्या माणसानं हे सांगावं, म्हणजे हलवायानं रिटायर झाल्यावर रोज जिलेबी खातो असं सांगण्यातलाच प्रकार आहे. ओळखीचे लोक हसतात. म्हणतात, अजून पोट भरलं नाही का? त्यांना काय सांगू? ते सिनेमे मी तेव्हा दाखवले. पाहतोय आत्ता.

माझ्या शेजारी बायको बसते, आमची सुशीला. पहिल्याच आठवड्यात तिनं मला पकडलं.

"वर काय पाल हाय का?" ती म्हणाली. "सारखं टीव्हीच्या कोपऱ्यात बघायलाव ते?"

मला स्वतःला ते कळलंच नव्हतं. सवय अशी सुटते थोडीच. ज्यांनी थेटरची कोठी, म्हणजे मशीनची खोली, आतून पाहिली नाही, त्यांच्यासाठी सांगतो. जुन्या काळी सिनेमा एका अखंड पट्टीवर येत नसे. त्याची रिळं असायची, एकेक रीळ पंधरावीस मिनिटांचं. कोठीत दोन मशीनं असत. एकावरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या हाताला, वरच्या कोपऱ्यात, एक गोल ठिपका डोळा मिचकावल्यासारखा येऊन जाई. तो दिसला की दुसऱ्या मशीनची मोटार चालू करायची. थोड्या वेळानं पुन्हा ठिपका येई. तो दिसला की पहिल्या मशीनचा उजेड बंद आणि दुसऱ्याचा चालू, दोन्ही एकाच क्षणी. खाली बसलेल्या पब्लिकला काही कळता कामा नये. कळलं नाही म्हणजे ऑपरेटर चांगला. ठिपका हुकला तर पडदा पांढरा फटक, आणि मग शिट्ट्या सुरू, सोबत माझ्या सात पिढ्यांचा उद्धार.

त्यामुळे प्रत्येक रिळाची शेवटची दोन-तीन मिनिटं माझी नजर कोपऱ्यात. पडद्याच्या मध्यभागी हिरो शेवटचा श्वास घेतोय, आई हंबरडा फोडतेय, आणि मी आपला कोपऱ्यातलं आभाळ बघतोय. त्यात कार्बनच्या कांड्यांवर एक डोळा ठेवावा लागे. त्या जळूनच उजेड पडायचा, आणि त्या जळतील तशा पुढे सरकवाव्या लागायच्या. मशीनच्या खडखडाटात संवाद अर्धे ऐकू येत. थोडक्यात, सिनेमे मला तोंडपाठ होते, पण त्यांतल्या माणसांच्या चेहऱ्यांची आणि माझी नीटशी ओळखच झाली नव्हती.

आता होतेय, आणि काय सांगू, मी थक्क होऊन बसतो.

परवा एक जुना तमाशापट पाहिला. आमच्याकडे तो दर दोनतीन वर्षांनी यायचा आणि दर वेळी हाऊसफुल्ल जायचा. आज पाहिलं तर पाटलाची मिशी एका बाजूनं सुटलेली दिसते, गोष्ट तर अगदीच रडकी, मधली विनोदी जोडी बघवत नाही. पण फडाच्या मागच्या रांगेत एक ढोलकीवाला बसलाय. नाव नसलेला, संवाद नसलेला. नाचणारी थकते तेव्हा तो तिच्याकडे न बघता ठेका किंचित सैल करतो, तिला श्वास घेऊ देतो, आणि मग पुन्हा उचलतो. दिग्दर्शकानं सांगितलं असेल असं मला वाटत नाही. त्या माणसाच्या हातालाच ते ठाऊक होतं. मी ते गाणं लागोपाठ लावत राहिलो. शेवटी सुशीलेनं रिमोट काढून घेतला.

एक हिंदी मारामारीचा सिनेमा होता. माझ्या डोक्यात त्याची ओळख 'कडा फाटलेल्या रिळांचा' एवढीच, कारण ती पट्टी दर शोला तुटायची. आता पाहिला तर हसू आलं. हिरोच्या कपाळावरची जखम एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. पण त्यातला खलनायक मरायच्या आधी चष्मा काढतो, घडी घालतो आणि खिशात ठेवतो. आता कशाला लागणार होता त्याला चष्मा? त्या एवढ्याशा कृतीनं माझ्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं मी त्याला नुसता खलनायक समजत होतो.

नव्या सिनेमांबद्दल माझं मत सरळ आहे. घाई लय. पापणी लवते तोवर माणूस दुसऱ्या देशात पोचलेला असतो. मात्र मध्यंतरी एक नवा मराठी सिनेमा पाहिला, त्यात कोणी फारसं बोलतच नाही. एक म्हातारा शेताला पाणी देतो, पाणी सरीतून पुढे जातं, आणि आपण ते बघत बसतो. पहिल्या खेपेला मी झोपलो. दुसऱ्या खेपेला म्हटलं, यातला अर्धा तास मी सहज कापला असता. तिसऱ्यांदा पाहिला तेव्हा कळलं की कापला असता तर सिनेमाच गेला असता. कुठल्याशा बर्फाळ मुलखातला एक परदेशी सिनेमाही पाहिला, खालच्या ओळी वाचता वाचता माझी दमछाक झाली. सुशीला ओळी वाचतच नव्हती आणि माझ्या आधी रडायला लागली. म्हटलं, तुला काय कळलं? म्हणाली, "बाप वाट बघायलाय की पोरीची. त्याला काय वाचायचं?"

आमच्या गिऱ्हाइकांतही असे बघणारे होते. जिंतूरचा एक टेलर फक्त कपडे बघायला यायचा. नट्यांच्या ब्लाउजचा गळा नीट दिसला नाही तर सिनेमा सुटल्यावर कोठीचा जिना चढून वर यायचा आणि म्हणायचा, "तेवढा तुकडा उजेडात धरून दाखवा." मी दाखवायचो. तो डोळ्याजवळ पट्टी धरून मान डोलवायचा, आणि महिन्याभरात जिंतूरच्या निम्म्या बायकांच्या अंगात तो गळा असायचा.

पण आज मला लिहायचंय ते पेडगावच्या बायकांबद्दल.

बाजाराच्या दिवशी आसपासच्या गावांतून बाया परभणीला येत. सकाळी भाजी-माळवं विकायचं, सामान घ्यायचं आणि दुपारी तीनच्या शोला येऊन बसायचं. लेडीजची जागा वेगळी होती, पडद्याकडे बघताना डाव्या हाताला. त्यांत पेडगावचा जथा मोठा. अडचण एकच. त्यांची शेवटची येश्टी सिनेमा सुटायच्या आधी निघायची. आता तुम्ही म्हणाल, मग कशाला यायचं? अहो, तीनच्या शोशिवाय त्यांना दुसरा शो मिळणारच नव्हता. तेव्हा ठरूनच गेलं होतं. दारावरचे शेखचाचा बाहेर स्टँडकडे कान लावून उभे असायचे. गाडी लागली की अंधारात पडदा बाजूला करून ओरडायचे, "पेडगाव की गाडी लगी जी! चलो बहनां, निकलो!"

आणि डाव्या बाजूला अंधारात रांगच्या रांग उठायची. पिशव्या, पोरं, चपला शोधायची खुसफूस. पडद्यावर हिरो दरीच्या कडेला एका हातानं लोंबकळत असायचा. मला कोठीच्या झरोक्यातून त्या बायकांच्या पाठी दिसायच्या. दारापर्यंत जाताना त्या मागं वळून बघायच्या, दारातही एकदा थांबायच्या, आणि मग जायच्या. पब्लिकला याची इतकी सवय होती की कोणी ओरडायचं नाही. पेडगावची एक अख्खी पिढी अशी होती, जिनं पुष्कळ सिनेमे पाहिले पण शेवट, एक सोडला तर, कुठलाच नाही.

मग पुढच्या बाजारी त्या मला गेटवर गाठत. विचारणारी मुख्य बाई म्हणजे गयाबाई. काटक, सावळी, बोलण्यात पटाईत. माहेरीच राहायची, शाळेत झाडलोट करायची. बाकीच्या मागं उभ्या, ही पुढं.

"आपरेटर भाऊ, मागच्या येळचा तो पोरगा घावला का आईला?"

"सापडला."

"कसा?"

"कसा म्हणजे? सापडला. गळ्यात पडला."

"आसं न्हाई. आदी कोन वळखलं? आईनं का पोरानं?"

माझी पंचाईत व्हायची. मी कोपऱ्यात बघत असायचो, मला काय माहीत आधी कोणी ओळखलं! मग मी शेखचाचांकडे बघायचो. चाचा दारात उभे राहून सगळं बघत. ते हातवारे करून सांगायचे आणि बायका डोळ्यांना पदर लावून ऐकायच्या. मला वाटतं, काही सिनेमांचा शेवट पडद्यावर झाला त्यापेक्षा चाचांनी गेटवर चांगला केला.

एकदा गयाबाई थेट कोठीच्या जिन्याशी येऊन उभी राहिली. "भाऊ, एवढी गाणी कामून दाखवायलाव? दोन कमी करा की. आमाला एखांद्याचा शेवट तरी घावंल."

थेटरचे मालक, आमचे शेठ, लग्नाला नांदेडला गेले होते. मला काय हुक्की आली कोण जाणे. मी कात्री घेतली, दोन गाणी काढली आणि तोडलेली टोकं सिमेंटनं चिकटवली. पट्टी चिकटवायच्या द्रावणाला आम्ही सिमेंटच म्हणायचो. सिनेमा वेळेत बसला. पेडगावच्या बायकांनी त्या दिवशी पहिल्यांदा शेवट पाहिला. शेवट असा की नायिका मरते. त्या ढसाढसा रडत गाडीला गेल्या.

इकडं पुढच्या बाकड्यांवरची पोरं पेटली. ती पोरं गाण्यांसाठीच आली होती, आणि दोन्ही गाणी गायब! "गाना! गाना!" म्हणून बाकडी बडवायला लागली. शेखचाचा धापा टाकत वर आले. "मियाँ, गाने डालो, नै तो कुर्सियाँ ऊपर आतीं अब!" मी घाबरून तोडलेले दोन तुकडे जोडले आणि 'समाप्त' झाल्यावर लावून टाकले. आत्ताच सरणावर गेलेली नायिका हिरव्या साडीत कारंज्याभोवती नाचायला लागली. पोरांनी टोप्या उडवल्या. म्हणाली, अस्सा शेवट पाहिजे.

पुढच्या बाजारी गयाबाई कंबरेवर हात ठेवून उभी. "आमी मेली म्हनून आख्ख्या वाटंनं रडत गेलो, अन् तुमी तिला मागून नाचवली म्हनं?"

शेठनी परत आल्यावर कात्री कपाटात ठेवली आणि किल्ली स्वतःजवळ. पेडगावच्या बायका पुन्हा आधी उठायला लागल्या. पुढे गावागावात टीव्ही आला आणि जथे कमी झाले. नंतर रिळं गेली, सिनेमा उपग्रहावरून, आकाशातून यायला लागला, आणि मी बटण दाबणारा माणूस झालो. आता थेटर पाडून तिथं मंगल कार्यालय झालंय.

गेल्या हिवाळ्यात एक तरुण मुलगी आमच्या दारी आली. नाव प्रज्ञा, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. म्हणाली, "तुम्ही थेटरातले ऑपरेटरकाका ना? मी गयाबाईंची नात."

सुशीलेनं चहा ठेवला. प्रज्ञानं सांगितलं ते असं. आजीला काचबिंदू झालाय. एक डोळा गेला, दुसऱ्याचं मधलं तेवढं दिसतं, आणि तेही फार दिवस राहणार नाही असं डॉक्टर म्हणतात. आजीनं कशाचा हट्ट धरला नाही. फक्त एक सिनेमा शेवटापर्यंत बघायचाय म्हणते. नाव तिला आठवत नाही. नवऱ्यानं अपमान केला म्हणून बाई लेकीला कडेवर घेऊन घर सोडते, शहरात येऊन शिवणकाम करते. आणि मग एक दिवस तिच्या दाराशी मोटार येऊन थांबते, सासू न्यायला आलेली असते.

"तिथं त्यांची गाडी लागली," प्रज्ञा म्हणाली. "आम्ही लहान असताना आजी ही गोष्ट सांगायची. मोटार दाराशी थांबली, सासू उतरली. आम्ही विचारायचो, मग? ती म्हणायची, मग आपली येश्टी आली."

मी म्हटलं, एवढे सिनेमे अर्धवट राहिले, मग हाच कशाला?

प्रज्ञा म्हणाली, "तेव्हा आजी सासरहून मार खाऊन माहेरी आली होती. माझी आई तान्ही होती. तडजोड झाली होती, दुसऱ्या दिवशी आजीला परत नांदायला पाठवणार होते. बाजाराला बाया निघाल्या, तर जीव रमेल म्हणून तिलाही सोबत नेलं. तो सिनेमा बघून ती घरी आली आणि म्हणाली, मी जात नाही. आणि नाही गेली. गावानं लय नावं ठेवली. म्हणायचे, सिनेमानं बाई बिघडवली. पण तिनं माझ्या आईला शिकवलं, नर्स केलं. मग मी."

मी चहाचा कप खाली ठेवला. कारण सिनेमा मला कळला होता, आणि त्याचा शेवटही. हा सिनेमा आमच्याकडे एकच आठवडा चालला होता, पण त्या आठवड्यात मी तो रोज तीनदा दाखवला होता. ती बाई सासूबरोबर मोटारीत बसते. वाड्याच्या दारात नवरा उभा असतो. ती त्याच्या पायावर डोकं ठेवते, सनई वाजते, समाप्त.

प्रज्ञा गेल्यावर मी सुशीलेला सगळं सांगितलं. मी फार अस्वस्थ झालो होतो. त्या बाईनं ज्या सिनेमाकडे बघून अख्खं आयुष्य एकटीनं उभं केलं, त्यातली बाई मुकाट्यानं परत गेली होती, आणि हे तिला आता, डोळे जाता जाता, मी दाखवायचं? मला एक वाट दिसत होती. सिनेमा इंटरनेटवर सापडला होता, कोणीतरी जुन्या टीव्हीवरून उतरवून टाकलेला. मोटार दाराशी थांबते तिथं आपण बंद करायचं. म्हणायचं, पुढचा भाग खराब आहे. कोण तपासणार होतं?

"आजवर लय कापलं तुमी," सुशीला म्हणाली. "आता तरी पुरा दाखवा. तिचं काय व्हायचं ते तिचं ती बघंल."

पेडगावला गेलो तेव्हा दुपार होती. अंगणात तुरीच्या शेंगा वाळत टाकल्या होत्या. गयाबाई भिंतीला टेकून बसली होती. ती आता अगदी लहानखुरी झालीय. माझा आवाज ऐकून तिनं मान वळवली आणि मला शोधायला लागली. थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे, असं करत तिची नजर माझ्या तोंडावर येऊन थांबली.

"आपरेटर भाऊ! लय म्हातारे झालाव की."

"तुम्ही काय पोरगी राहिलात का?"

ती खळखळून हसली. म्हणाली, "मला मदलंच दिसायलंय आता. बाजूचं समदं आंधार. तुमच्या त्या कोठीला भोक व्हतं ना, तस्सं."

प्रज्ञानं लॅपटॉप चौरंगावर ठेवला आणि आजीला अगदी पुढ्यात बसवलं. सुशीला आणि मी मागं. मी सिनेमा लावला. सिनेमा चालू असताना गयाबाई गप्प बसली नाही. सासूचं काम करणारी बाई लय भारी, नवऱ्याला दाढीच शोभत न्हाई, शिलाई मशीनवर बसलीय पर पाय चालत न्हाईत, ही काय शिवायलीय? सगळी मतं बरोबर होती. आम्ही हसत होतो.

मोटार आली. दाराशी थांबली. सासू उतरली.

"इथं," गयाबाई म्हणाली. "इथं उठलो व्हतो आमी."

माझं बोट बटणावर होतं. मी म्हटलं, "थांबवू का? दमला असाल."

"कामून? आता कोनती गाडी धरायची हाय?"

मग मी हात मागं घेतला. पुढचं सगळं झालं. सासूचं रडणं, मोटारीचा प्रवास, वाडा, दारात नवरा. ती वाकली, पायावर डोकं ठेवलं, उठली. सनई वाजली. पडद्यावर 'समाप्त' आलं आणि गेलं. प्रज्ञानं माझ्याकडे असं पाहिलं की मला मान खाली घालावी लागली.

"गयाबाई," मी म्हटलं, "त्या काळचे सिनेमे असेच असायचे."

"ठावं हाय की," ती म्हणाली. "ती परत गेली आसंल हे मला तवाच ठावं व्हतं. सिनेमातल्या समद्याच जायच्या. म्हनून तर तुमाला ह्याचा शेवट कदी इचारला न्हाई. इचारला आसता तर तुमी सांगितला आसता."

खरंच, हा एकच सिनेमा तिनं विचारला नव्हता. आणि एवढं ठाऊक असून ती घरी जाऊन नाही म्हणाली होती! मी जिला सांभाळायला निघालो होतो, तिला सांभाळायची कधी गरजच नव्हती.

ती अजून लॅपटॉपकडेच बघत होती. "पर ती कुठं बघायलीय? जरा मागं घ्या."

मी मागं घेतलं. ती वाकली, उठली.

"आता बगा. तिचे डोळे बगा."

मी पाहिलं. पडद्यावर नवरा आहे, सासू आहे, ओवाळणारी माणसं आहेत, वरून फुलं पडतायत. मध्ये तिचा चेहरा. ओठांवर सगळ्या नायिकांचं असतं तसंच हसू. पण डोळे नवऱ्याकडे नाहीत. त्याच्या खांद्यावरून नजर मागं जाते, दाराबाहेर, मोटार आली त्या रस्त्याकडे. एक क्षण तिथंच राहते. मग पापण्या खाली येतात, आणि त्या चेहऱ्यावर 'समाप्त'ची मोठी अक्षरं येऊन बसतात.

हा चेहरा माझ्या हाताखालून किती वेळा गेला असेल. त्या क्षणी माझा हात हॉलच्या दिव्यांच्या बटणावर असायचा, आणि खाली पब्लिक उठून चपला शोधत असायचं. दिग्दर्शकानं सनई वाजवली होती, फुलं उधळली होती, पायावर डोकं ठेवायला लावलं होतं. आणि त्या नटीनं, ते सगळं सांगितल्याप्रमाणे करून, शेवटच्या क्षणी आपलं स्वतःचं काहीतरी त्यात ठेवून दिलं होतं. तिला कोणी विचारलं नसेल, कोणी पाहिलंही नसेल. ते तिथंच होतं, इतकी वर्षं, पेडगावच्या या एका अर्ध्या डोळ्याची वाट बघत.

"हिला बी जायचं न्हवतं," गयाबाई म्हणाली. "आनखी एकदा लावा."

मी लावलं. पुन्हा लावलं. ती तोंड पडद्याला टेकेल इतकी पुढं सरकली होती. प्रज्ञानं मागून तिच्या पाठीवर हात ठेवला.

"आजी, वाईट वाटलं का गं?"

"वाईट कामून?" गयाबाई म्हणाली. "इतकी वर्सं मला वाटायचं, मी एकलीच हाय."